महिला बास्केटबॉल प्रशिक्षक : ‘एनआयएस केलंय’ म्हणजे नेमकं काय, आणि अर्ज कुठे अडतो

‘एनआयएस केलंय’ असं दोघीजणी म्हणतात, पण दोघींच्या हातातला कागद एकच असेल असं नाही. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे ‘एनआयएस’चा, साधारण वर्षभराचा निवासी डिप्लोमा वेगळा आणि त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. शाळा, खासगी क्लब, उन्हाळी शिबिरं इथे सहा आठवड्यांवर काम मिळतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘साई’च्या, सहायक प्रशिक्षकपदाला डिप्लोमा लागतो, आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमवाल्यांचे अर्ज छाननीतच गळतात. सहा आठवड्यांची फी भरण्याआधी हे डोक्यात पक्कं असू द्या.

बी.पी.एड. ही तिसरीच वाट. शारीरिक शिक्षणाची दोन वर्षांची पदवी, महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून प्रवेश, आणि त्या परीक्षेत मैदानी चाचणीही असते. शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षिका व्हायचं असेल तर हीच पदवी हवी. एका खेळाची प्रशिक्षक म्हणून ती डिप्लोमाची जागा घेत नाही. घरात शिक्षिकेच्या नोकरीचा आग्रह असतो म्हणून अनेकजणी आधी बी.पी.एड. करतात. त्यात चूक काही नाही, फक्त पुढे डिप्लोमा करायचाच असेल तर खेळातून मधली दोन-तीन वर्षं सुटतात आणि चाचणीच्या दिवशी ती दिसतात.

डिप्लोमासाठी सर्वसाधारणपणे पदवी आणि वरच्या पातळीवर खेळल्याचा पुरावा लागतो. अर्ज ऑनलाइन. त्यानंतर लेखी परीक्षा, शारीरिक क्षमता आणि कौशल्य चाचणी. दमसास कमी पडणं आणि डाव्या हाताचा ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकायचा चेंडू) चुकणं, या दोन गोष्टी सराव सुटलेल्या खेळाडूला हमखास दगा देतात. महिलांचा चेंडू 6 नंबरचा असतो. क्लबात मुलांबरोबर 7 नंबरने खेळायची सवय असेल, तर निदान शेवटचे दोन महिने 6 नंबरनेच सराव करा.

आता कागद. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, गुणपत्रिका, वैद्यकीय दाखला हे सगळ्यांकडे असतं. घोळ होतो तो पुढच्या तीन ठिकाणी.

पहिला, खेळाच्या प्रमाणपत्राची पातळी. आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी विभागवार होते आणि तिथे वरचं स्थान मिळवणारे संघच अखिल भारतीय फेरीत जातात. पश्चिम विभागात खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे अखिल भारतीय सहभाग नव्हे. अर्जात तसं भरलं तर मूळ कागद तपासताना उघडं पडतंच. राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त महासंघाचंच हवं. 2015 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघावर दोन गटांनी दावा केला होता आणि फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाने, त्यातल्या एकालाच मान्यता दिली. त्या काळातलं प्रमाणपत्र असेल तर खाली सही कोणाची आहे ते बघून ठेवा.

दुसरा, नाव. याचा फटका मुलांना बसत नाही, मुलींना बसतो. प्रमाणपत्रांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं तर बहुतेक ठिकाणी भागतं. ‘प्रणाली’चं ‘प्रनाली’ झालं असेल किंवा लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. त्याला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात येईपर्यंत थांबू नका. आणि सरळ सांगायचं तर, अर्ज दहावीच्या नावानेच भरा.

तिसरा, जातीचा दाखला. संस्था केंद्राची आहे. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, राज्याच्या नोकरीसाठी काढलेला चालत नाही. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) हा प्रवर्ग महाराष्ट्रापुरता आहे, इथे तो चालत नाही. भटक्या-विमुक्तांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहून त्या प्रवर्गातून अर्ज करायचा.

नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्रही वेळेत मागा. साहेब रजेवर गेले म्हणून मुदत वाढत नाही.

फिबाचे कोचिंगचे स्तर आणि परवाना हा मार्ग याला समांतर चालतो. राष्ट्रीय संघाला फिबाच्या अधिकृत स्पर्धेत बेंचवरून मार्गदर्शन करायचं तर फिबाचा परवाना लागतोच, सरकारी नोकरीसाठी मात्र तो डिप्लोमाला पर्याय ठरत नाही. फिबाच्या प्रशिक्षक संघटनेच्या पुस्तिका मोफत उतरवून घेता येतात. लेखी परीक्षेच्या तयारीलाही त्या कामी येतात.

नोकऱ्यांचं वास्तव असं. 2021 मध्ये साईने सगळे खेळ मिळून 320 पदं काढली : 100 प्रशिक्षक आणि 220 सहायक प्रशिक्षक. तीही कराराची, आणि सहायक पदाला वयाची अट 40. बास्केटबॉलच्या वाट्याला त्यातलं किती येणार, हे लक्षात ठेवूनच बेत आखा. महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे क्रीडा मार्गदर्शकाची पदं असतात, ती निघतील तेव्हा निघतात. क्रीडा अधिकारी हे पद निराळं. खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण खेळल्याबद्दल आहे, शिकवण्याबद्दल नाही. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून वेगळी करून घ्यावी लागते.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्या प्रशिक्षण केंद्राची वाट मात्र दुर्लक्षित आहे. तिथे माजी खेळाडूला प्राधान्य असतं आणि क्रम असा लागतो : भारताकडून खेळलेली, मग वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलेली, मग अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धेतली पदकविजेती, शेवटी राज्याकडून वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. म्हणजे डिप्लोमा हातात नसतानाही इथे दार उघडं असतं.

2022 पासून साईने महासंघांना सांगितलं आहे की पथकात महिला खेळाडू असतील तर सोबत महिला प्रशिक्षक हवी. त्यामुळे राज्य संघटनेकडे तुमचं नाव, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आधीच देऊन ठेवा. शिबिर लागतं तेव्हा हाताशी चार दिवस असतात, आणि ज्यांचे कागद फाइलमध्ये तयार आहेत त्यांनाच फोन जातो.