ओझरची विमानं, नोव्हेंबरचा दाखला आणि सरावाचं गणित

दरवर्षी नोव्हेंबर लागला की बँकांमध्ये पेन्शनरांची गर्दी होते, हयातीचा दाखला द्यायचा असतो ना. आता हा दाखला मोबाइलवरून घरबसल्या देता येतो, त्यासाठीची जीवन प्रमाण ही सरकारी डिजिटल सोय सुरू झाली २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आणि चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय २०२१ मध्ये आली, तरी रांगेतली बरीच मंडळी म्हणतात, "आता या वयात आम्हाला कुठं जमणार". आणि सोबत आलेला मुलगा किंवा सूनही मान डोलावते. हा समज मला फार खटकतो, कारण यात वयाचा वाटा थोडा आहे आणि दुसऱ्याच एका गोष्टीचा खूप जास्त. ती गोष्ट म्हणजे ते काम स्वतःच्या हातानं आतापर्यंत किती वेळा केलं. किती वर्षं झाली हे नाही, किती वेळा.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते विमानाच्या कारखान्यात, म्हणून नाशिककरांना ते सांगायला मला जास्तच आवडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं, तो व्हिडिओ नाशिकमधल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरला. मिग-२१, मग सुखोई-३० आणि आता तेजस, ओझरनं साठ वर्षं हेच काम केलंय. त्यावेळी बऱ्याच जणांनी विचारलं की पहिल्या विमानाला एवढा वेळ लागला तर पुढच्यांचं काय? तर पुढच्यांना कमी लागतो. किती कमी, याचा एक नियमच आहे.

१९३६ मध्ये थिओडोर राइट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं (राइट बंधूंपैकी नव्हे, हा वेगळा) विमान कारखान्यातल्या मजुरीच्या तासांचा हिशोब छापला. त्याला दिसलं ते असं की आतापर्यंत बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे सरासरी कामाचे तास साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. म्हणजे सुरुवातीला १०० लागले तर २ विमानांवर ८०, ४ वर ६४, ८ वर ५१, १६ वर ४१. बघा, घट थांबत नाही पण प्रत्येक पुढच्या घटीसाठी आधीच्या दुप्पट विमानं बनवावी लागतात. सुरुवातीला भराभर फायदा आणि नंतर हळूहळू, पण चालूच. हा वीस टक्क्यांचा आकडा प्रत्येक धंद्यात तोच नसतो, पण आकार तोच दिसतो.

आणि हे फक्त कारखान्यापुरतं नाही, एकेकट्या माणसाच्या हातालाही लागू पडतं. १९५९ मध्ये एडवर्ड क्रॉसमन यांनी मशीनवर सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग तपासला, तर लाखो सिगार झाल्यावरही वेग वाढतच होता, थांबला तो साधारण दोन वर्षांनी आणि तोही मशीनच त्याहून जोरात चालत नव्हतं म्हणून. आपल्या सिन्नरकडे ज्यांनी विडी वळणाऱ्या बायांचे हात चालताना बघितलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता हेच गणित ऑनलाइन फॉर्मला लावू. समजा पहिल्यांदा एक फॉर्म भरायला २० मिनिटं लागली. राइटचाच दर धरला तर दुसऱ्या वेळी १६, चौथ्या वेळी १३, आठव्या वेळी १० आणि ५ मिनिटांवर यायला चौसष्ट वेळा. महा ई-सेवा केंद्रातला पोरगा आठ फॉर्म जेवणाच्या सुट्टीआधी भरतो आणि चौसष्ट आठवड्याच्या आत. हयातीचा दाखला वर्षातून एकदाच, म्हणजे आजोबांना आठव्या वेळेला पोचायलाच आठ वर्षं. आणि खरं सांगायचं तर तेही नाही, कारण दरवर्षी फोन मुलाच्या हातात असतो, आजोबा फक्त कॅमेऱ्यासमोर डोळे उघडझाप करतात. सराव होतो मुलाचा. मग मुलगा म्हणतो बाबांना कितीदा दाखवलं तरी येत नाही. अहो, दाखवलं कितीदा ते मोजू नका, त्यांनी केलं कितीदा ते मोजा, ते बहुतेक वेळा शून्य निघतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, इथं थोडं दमानं वाचा. सरावानं वेळ कमी होतो हे ठीक, पण तो अशाच विशिष्ट आकारात का कमी होतो? आधी भराभर आणि मग हळू का? १९८१ मध्ये ॲलन न्यूएल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी याचं एक सुंदर उत्तर दिलं, त्याचं नाव चंकिंग. आपण एखादं काम शिकतो तेव्हा मेंदू त्यातल्या सारख्या येणाऱ्या छोट्या पायऱ्या एकत्र बांधून एकच पायरी करतो, तो एक चंक. उदाहरण ओटीपीचं घ्या. पहिल्यांदा ते काम नसतंच मुळी एक, ती सहा कामं असतात: मेसेजचा आवाज आला हे लक्षात येणं, ॲप न बंद करता मेसेज उघडणं, त्या मजकुरातले नेमके कोणते आकडे ते ओळखणं, ते डोक्यात धरणं, परत आधीच्या ॲपमध्ये येणं, वेळ संपायच्या आत टाकणं. नवख्या माणसाला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो आणि एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात, म्हणून परत येईपर्यंत आकडे विसरतात. वीसेक वेळा झालं की ते सहा मिळून एक होतं, "ओटीपी टाकणं", त्याला विचारच लागत नाही, आणि डोकं मोकळं होतं पुढच्या कामासाठी. मग हे चंक जोडून त्याहून मोठे चंक बनतात.

आणि इथं खरी गंमत आहे. छोटे चंक पुन्हा पुन्हा भेटतात, मोठे क्वचित. समजा एका फॉर्ममध्ये चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर तीन प्रकारे काहीतरी होऊ शकतं (फोटो बरोबर गेला, साइज मोठी झाली, नेटच गेलं वगैरे). एका टप्प्यापुरते ३ प्रकार, दोन टप्प्यांच्या जोडीचे ९, तीनचे २७, चारही मिळून ८१. एका टप्प्याचे तीन प्रकार चार-पाच वेळांत बघून होतात, पण ८१ पैकी एखादी विशिष्ट जुळणी परत समोर यायला कितीतरी वेळा ते काम करावं लागेल. म्हणून छोटे चंक पटकन तयार होतात आणि वेळ धाडकन उतरतो, मोठे चंक तयार व्हायची संधीच कमी मिळते आणि उतार सपाट होत जातो. वेळ उतरण्याच्या या वक्राचा आकार कुणाच्या हुशारीतून आलेला नाही, त्या कामातल्या प्रसंगांच्या मोजणीतूनच तो निघतो. (पुढे २००० मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की एकेका माणसाची आकडेवारी वेगळी काढली तर वक्र थोडा वेगळा, घातांकी (दर वेळी ठराविक प्रमाणात उतरणारा) बसतो आणि अनेकांची सरासरी काढल्यामुळे जुना आकार दिसतो. वाद आहे, पण आपल्या मुद्द्याला त्यानं धक्का लागत नाही.)

यातून एक कामाची गोष्ट निघते. छोटे चंक एका ॲपमधून दुसऱ्यात जातात. रविवार कारंज्यावर किंवा पंचवटीत भाजी विकणाऱ्या मावशींनी क्यूआर कोड कसा काय आत्मसात केला? यूपीआय २०१६ मध्ये आलं, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे सगळीकडे पसरलं, ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यासाठी कुणी मोठी प्रशिक्षण शिबिरं घेतली म्हणून ते आलं असं मला वाटत नाही, काम छोटं होतं, दिवसातून पन्नास वेळा होत होतं आणि दर वेळी त्याच क्रमानं होत होतं म्हणून आलं. ज्या आजी रोज दूधवाल्याला यूपीआय करतात त्यांच्याकडे पिन टाकणं, परवानगी देणं, थांबून हिरवी खूण बघणं हे चंक तयार आहेत, त्यांना दाखल्याचं ॲप अर्ध्याहून जास्त आधीच येतं. फक्त कुणीतरी त्यांना फोन हातात द्यायला हवा.

पण उलटही होतं. अपडेट आलं, बटण उजवीकडून डावीकडे गेलं, की बांधलेला चंक तुटतो आणि नुसता तुटत नाही तर आड येतो, बोट जुन्या जागीच जातं. म्हणजे जो जास्त सरावलेला तो काही दिवस नवख्यापेक्षाही जास्त अडखळू शकतो. ई-पीक पाहणीचं बघा. २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवर पिकाची नोंद करायची आहे, कल्पना चांगलीच आहे, पण काम येतं हंगामाला एकदा, खरिपात केलं की परत रब्बीत, आणि तोवर ॲप बदललेलं असतं. द्राक्षाचं पॅकहाउस चालवणारा माणूस ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीवर सीझनमध्ये रोज नोंदी करतो, त्याला अडत नाही, आणि तोच माणूस पीक पाहणीला पुतण्याला हाक मारतो. माणूस तोच, वय तेच, फरक फक्त किती वेळा याचा.

आता विसरण्याबद्दल. लोक म्हणतात सायकल एकदा आली की विसरत नाही, मग हे कसं विसरतं? कारण दोन्ही प्रकार वेगळे आहेत. सायकल हे सलग चालणारं, तोल सांभाळत राहायचं कौशल्य, ते वर्षानुवर्षं टिकतं. फॉर्म म्हणजे सुट्या सुट्या पायऱ्या ठराविक क्रमानं करणं, आणि असा क्रम वापर थांबला की लवकर जातो, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीतही हेच आढळलंय. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वक्र काढला होता, अर्थहीन अक्षरं पाठ करायची आणि काही काळानं परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. एका दिवसानंतर पहिल्या वेळच्या मेहनतीची साधारण एक तृतीयांश बचत उरत होती, महिन्यानंतर एक पंचमांश. म्हणजे सपशेल शून्य होत नाही! आठवत नाही असं वाटतं तेव्हाही पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो. वयानुसार मेंदूचा वेग मंदावतो हे खरं आहे, पहिल्या वेळी साठीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा जास्त वेळ लागणारच, पण सरावानं त्यांचाही वेळ उतरतो.

म्हणूनच शिकणं झटपट करून देतो म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मध्यंतरी मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासचं पेव फुटलं होतं, मुलं डोळ्यांना पट्टी बांधून वाचतात म्हणे, आणि पालक त्यासाठी हजारो रुपये मोजत होते. नाकाजवळच्या फटीतून दिसतं, एवढंच त्यात आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी ते उघडं पाडलं. मध्यमेंदू जागा करायची गरज नाही, तो प्रत्येकाचा जागाच असतो. आणि आता तोच सूर एआयबद्दल ऐकू येतो, की काही शिकायची गरजच नाही, बोललं की होईल. होईल काही, पण समोर आलेलं बरोबर आहे का हे ओळखायला तरी ते काम हातानं केलेलं असावं लागतं.

माणसाचं झालं, संस्थांचं काय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं २,७०० वर लिबर्टी जहाजं बांधली, पहिल्याला साधारण आठ महिने लागले आणि पुढे सरासरी दीड महिन्याच्या आसपास. (सगळंच शिकण्यातून नाही, यंत्रसामग्रीही वाढवली होती.) लिंडा अर्गोटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याच आकड्यांतून दाखवलं की संस्था विसरतातसुद्धा, आणि चांगल्याच वेगानं. नंतर त्यांनी पेन्सिल्व्हेनियातली पिझ्झाची दुकानं तपासली, ब्रँड एकच, पण एका मालकाच्या दुकानांत एकानं शोधलेली युक्ती दुसऱ्याला कळायची, वेगळ्या मालकाच्या दुकानात जायची नाही. बोलणं होत नव्हतं एवढंच कारण. आपल्याकडच्या एका ऑफिसात मी हे जवळून बघितलंय, डेटा एंट्रीचं कंत्राट संपलं, मुलगी गेली आणि तिच्याबरोबर कोणती फाइल कुठं चढवायची, कोणती एरर आली की काय करायचं सगळंच गेलं, नवीन माणूस परत पहिल्या फॉर्मच्या वीस मिनिटांवर.

आणि नाशिकपुढं याचं सगळ्यात मोठं उदाहरण येऊ घातलंय. सिंहस्थ कुंभमेळा बारा वर्षांनी येतो. २००३ मध्ये चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. २०१५ च्या आधी कुंभथॉन झाली, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाचे उपाय शोधायचा उपक्रम, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचे, त्यात पुढं होते, आणि इथल्या विद्यार्थ्यांनी गर्दी मोजायच्या कल्पनांवर काम केलं. पण २०१५ मध्ये यूपीआय नव्हतं, आणि त्यावेळच्या अधिकाऱ्यांपैकी कितीतरी बदली होऊन गेले किंवा रिटायर झाले. २०२७ ला नवे ॲप, नवे कॅमेरे, नवे डॅशबोर्ड येतील आणि खरेदीच्या बातम्या रोज छापून येतील, माझा प्रश्न वेगळा आहे: पर्वणीच्या दिवशी ज्या हवालदारानं आणि ज्या स्वयंसेवकानं ते वापरायचं त्याच्या हातून तोवर ते किती वेळा झालेलं असेल? एका दिवसाचं ट्रेनिंग आणि पीपीटी म्हणजे वक्राचा पहिला बिंदू. छोट्या गर्दीत, दर सोमवारी त्र्यंबकला, रामनवमीला काळाराम मंदिरापाशी, तेच ॲप त्याच माणसांनी चालवून बघितलं तर आठ-दहा वेळा सहज होतील, आणि सगळ्यात मोठा उतार त्या आठांतच असतो.

दाखल्याचंही तसंच करता येईल. शहरात इतके ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांनी ऑक्टोबरमध्ये तीन बैठका ठेवाव्यात, मध्ये आठ-आठ दिवस सोडून, कारण थोडं विसरून परत केलेलं जास्त टिकतं. फोन ज्याचा त्याच्याच हातात, शेजारच्यानं बोट लावायचं नाही, अडलं तर फक्त तोंडी सांगायचं. पायऱ्या मोठ्या अक्षरात एका कागदावर, आणि ॲप बदललं असेल तर तो कागद आधी बदलायचा. केंद्र सरकारच्या ज्या पेन्शनरांचं वय ऐंशी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा पहिल्या बैठकीला त्यांनाच पुढं बसवा.