जुन्या बॉस पेडलला ९ व्होल्ट कमी का पडतात?

१९८०च्या दशकातलं बॉस कंपनीचं डीएस-१ किंवा सीई-२ (गिटारचा आवाज बदलणारी पेडल) हाती लागलं, त्याला आजचा चांगला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर बरेचदा लाल दिवा जेमतेम मिणमिणतो आणि आवाज दबका, तुटका येतो. बॅटरीवर मात्र तेच पेडल छान वाजतं. अशा वेळी दुरुस्तीला टाकण्याआधी पेडलवर अडॅप्टरच्या सॉकेटजवळ काय छापलंय ते पाहा. तिथे ‘एसीए’ (ACA, म्हणजे बॉसच्या जुन्या प्रकारच्या अडॅप्टरची खूण) असेल तर पेडल बहुधा ठणठणीत आहे.

त्या काळच्या अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर, एवढंच असे. व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसे. त्यामुळे अंगावर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी पेडलसारख्या हलक्या भारावर तो १२च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट देई. हे गृहीत धरून बॉसने सॉकेटच्या ऋण बाजूला एक रेझिस्टर (साधारण ४७० ओहम) आणि एक डायोड घातला. सर्किट ५ मिलिअँपिअर घेत असेल तर रेझिस्टरवर सुमारे २.३ आणि डायोडवर ०.६ व्होल्ट पडतात. १२मधले ९ उरतात. शिवाय हाच रेझिस्टर पुढच्या कपॅसिटरसोबत अडॅप्टरची १०० हर्ट्झची घरघर गाळतो. फार हुशारीची रचना होती ती.

आता स्थिर ९ व्होल्ट लावा: सर्किटपर्यंत जेमतेम ६ पोचतात. दिवा लागला की प्रवाह वाढतो, रेझिस्टरवर आणखी व्होल्टेज पडतं, आणि दिवा मंदावतो. बॅटरीच्या वाटेत हा रेझिस्टर नाही, म्हणून तिच्यावर सगळं ठीक चालतं.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे रेग्युलेटेड १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर, १०० मिलिअँपिअर किंवा जास्तीचा, ५.५ × २.१ मिलिमीटर पिनचा, मधला भाग ऋण. तो फक्त एसीए पेडललाच लावा.

दुसरा उपाय: १९९०च्या दशकात आलेल्या ‘पीएसए’ (PSA, म्हणजे स्थिर ९ व्होल्टच्या अडॅप्टरची) खुणेच्या पेडलसोबत एकाच ९ व्होल्ट अडॅप्टरवरून, फाटे असलेल्या वायरने, वीज द्या आणि दोन्ही पेडल गिटारच्या केबलने जोडा. केबलच्या जाळीतून दोघांचं ग्राउंड (सर्किटची सामाईक बाजू) एक होतं, प्रवाह रेझिस्टरला वळसा घालतो आणि जुन्या पेडललाही पूर्ण ९ व्होल्ट मिळतात. पण याच साखळीत १२ व्होल्ट कधीच देऊ नका: तो वळसा तेव्हाही असतो, म्हणजे पूर्ण १२ आत जातात. आयसोलेटेड पॉवर सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुट वेगळं असतं, तिथे हा वळसा मिळतच नाही. १२ व्होल्टचं आउटपुट निवडा.

रेझिस्टर-डायोडवर वायर टाकून कायमचा बदल करता येतो, पण मूळ स्थितीतलं पेडल असेल तर आम्ही तो सुचवणार नाही. केलाच, तर ‘फक्त ९ व्होल्ट’ अशी चिठ्ठी पेडलवर चिकटवा.

बॉस सोडून इतर जुन्या पेडलचे नियम वेगळे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या १९६०च्या दशकातल्या ‘फझ फेस’ या पेडलमध्ये ग्राउंडला धन टोक जोडलेलं असतं. ते इतरांच्या साखळीत घातलं तर अडॅप्टर शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पूर्ण वेगळं आउटपुटच हवं. काही पेडलना ३.५ मिलिमीटरचा, हेडफोनसारखा प्लग लागतो. तो आत सरकताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो, म्हणून आधी प्लग बसवा, मग भिंतीवरचं बटण दाबा.

अडॅप्टरचा मधला भाग ऋण आहे का हे छापील खुणेवर न विसंबता तपासायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक अडॅप्टरच्या पिनच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी वजा चिन्ह दिसलं तर मधला भाग ऋण. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर असेल तर त्यावर ‘१२० व्होल्ट’ इनपुट आहे का ते आधी वाचा. आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो.