बेळगावच्या खेड्यांत मोजलेला धोका

बाळ जन्माला आलं आणि नाळ कापली, की बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकची एक चादर सरकवायची. चादरीचं खालचं टोक निमुळतं होत पिशवीसारखं लोंबतं आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या असतात. बाईच्या अंगावरून जाणारं रक्त कपड्यांत, चटईत, जमिनीवर न जिरता त्या पिशवीत उतरतं आणि सिस्टरला आकडा वाचता येतो. बस, एवढंच यंत्र. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

ही चादर बेळगाव जिल्ह्यातल्या संशोधनातून जगापुढे आली. बेळगावातच 123 बाळंतिणींवर केलेल्या तुलनेत असं दिसलं, की नुसत्या नजरेनं केलेला रक्तस्रावाचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सरासरी 33 टक्क्यांनी कमी भरतो. बाळंतपणानंतर 500 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं, तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. नजर एक तृतीयांश चुकत असेल, तर 600 मिलिलिटर रक्त गेलेली बाई 'ठीक आहे' म्हणून खाटेवर पडून राहते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार पडल्यावर गर्भाशयाचा स्नायू आवळला, की या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. तो आवळला नाही, तर गाडी येईपर्यंतसुद्धा वेळ मिळत नाही.

आवळायला मदत करणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावं लागतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या वाडीत, तेही 2000 च्या दशकात, फ्रीज कुठून आणायचा? म्हणून बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डरमन यांच्याबरोबर, गर्भाशय आवळणाऱ्या पण फ्रीज न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची परीक्षा घेतली. घरी किंवा उपकेंद्रात, एएनएमच्या (उपकेंद्राच्या नर्सच्या) हातून बाळंत होणाऱ्या 1,620 बायका. निम्म्यांना 600 मायक्रोग्रॅमची खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी औषधाविना गोळी, आणि कोणाला कोणती हे देणारीलाही माहीत नाही. रक्त मोजायला चादर. 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, आणि लिटरभर रक्त जाण्याइतका गंभीर रक्तस्राव 1.2 वरून 0.2 टक्क्यांवर. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास मात्र गोळी घेतलेल्यांत जास्त दिसले. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेल्या संमतीवर हे उभं आहे. बेळगाव-निपाणीकडे ही गोष्ट फारशा कोणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या अभ्यासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'कोणाला रक्तस्राव होईल' हे आधी ओळखायचा प्रयत्नच कोणी केला नाही. गोळी सगळ्यांना दिली. ती स्वस्त आहे, बरीचशी सुरक्षित आहे, मग निवडत बसायचं कशाला? अ‍ॅस्पिरिनच्या अभ्यासातही असंच झालं. सहा देशांतल्या 11,976 पहिलटकरणींवर तो अभ्यास झाला आणि भारतातली त्याची केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. तिसरा महिना सरायच्या आत रोज 81 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, तेव्हा दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आलं. मुख्य निकष होता, पहिली खेप. (कोणत्याही गरोदर बाईनं हे वाचून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.)

मग जोखीम आधी सांगणारी गणितं लागतात कुठे? उपाय जिथे सगळ्यांना देता येत नाही तिथे. दवाखान्यातली खाट, एकशे आठची गाडी, तज्ज्ञ डॉक्टर ही मोजकी असतात. बीपी वाढलेल्या प्रत्येक गरोदर बाईला कणकुंबीहून बेळगावला पाठवता येत नाही, आणि जिला पाठवायला हवं तिला घरी ठेवलं तर झटके येऊन आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

यासाठी 'मिनी-पिअर्स' नावाचं गणित तयार झालं. पाच देशांतल्या, गरोदरपणात बीपी वाढलेल्या 2,081 बायकांच्या नोंदी त्यासाठी घेतल्या. कितवी खेप, किती आठवडे झाले, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं किंवा धाप, पोटदुखीसह अंगावरून रक्त जाणं, वरचं बीपी आणि लघवीतलं प्रथिन, एवढंच विचारायचं आणि मोजायचं. रक्ततपासणीची प्रयोगशाळा नको. पुढच्या 48 तासांत गंभीर गुंतागुंत होण्याची शक्यता किती, ते उत्तरात येतं. 25 टक्क्यांच्या वर गेलं, तर धोका मोठा.

असं गणित किती भरवशाचं, हे कसं ठरवतात? गुंतागुंत झालेली एक बाई घ्या आणि न झालेली एक घ्या. झालेलीला गणितानं जास्त आकडा दिला होता का? अशा शंभर जोड्यांपैकी साधारण 77 जोड्यांत मिनी-पिअर्सचा कौल बरोबर निघाला. नाणं उडवलं असतं तरी 50 बरोबर आलेच असते. म्हणजे गणित उपयोगी आहे, पण 23 वेळा ते उलटं बोलतं. ज्या बायकांवरून ते बनवलंच नव्हतं, अशा दुसऱ्या गटावर तपासलं तेव्हा कौल 71 वर उतरला. परक्या ठिकाणी गणिताची धार थोडी बोथट होतेच. म्हणून कोणी 'आमचं अ‍ॅप 95 टक्के अचूक' म्हणालं, की ते कोणत्या लोकांवर तपासलं हे मी आधी विचारते.

हे गणित टॅबलेट संगणकावर घालून बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतल्या आशा आणि एएनएमच्या हाती दिलं गेलं. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तसंच केलं. घरी जायचं, बीपी मोजायचं, प्रश्न विचारायचे. धोका मोठा निघाला तर बीपी उतरवणारी मिथिलडोपाची गोळी, झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आणि दवाखान्याची चिठ्ठी. 69 हजारांहून जास्त बायका या अभ्यासात होत्या. 2020 मध्ये निकाल लागला तेव्हा आई-बाळाचे मृत्यू आणि गंभीर आजार मिळून पाहता काहीच घट दिसली नाही.

हा निकाल दडवला नाही, छापला, हे मला फार मोलाचं वाटतं. ठरवल्याइतक्या भेटी बऱ्याच बायकांना मिळाल्याच नव्हत्या. आठ किंवा जास्त भेटी झालेल्यांत चित्र बरं दिसलं, पण तिथेही जपून वाचायला हवं. जिचं बाळंतपण आधीच, अडचणीत झालं तिच्या भेटी आपोआप कमी पडतात. दुसरं कारण मला जास्त पटतं. गाव बदललं, पण चिठ्ठी घेऊन बाई ज्या दवाखान्यात पोचते तो दवाखाना सुधारणं या योजनेत नव्हतं.

गोकाकनंही असाच अनुभव घेतला. 'क्रेडल' नावाचं बीपीचं यंत्र तिथे वापरून पाहिलं. ते बीपीबरोबर नाडीही मोजतं आणि नाडीला वरच्या बीपीनं भागतं. नाडी 108, बीपी 90 असेल तर उत्तर 1.2 येतं. 0.9 च्या वर पिवळा दिवा, 1.7 च्या वर लाल. रक्त जायला लागलं की नाडी आधी वाढते आणि बीपी बऱ्याच उशिरा कोसळतं, त्यामुळे दोन्हींचा भागाकार लवकर बोलतो. यंत्र चांगलं आहे, शिकायला सोपं आहे. तरी आठ देशांतल्या दहा ठिकाणांचा हिशेब मांडल्यावर गंभीर प्रसंग त्यामुळेच कमी झाले, असं ठामपणे म्हणता आलं नाही.

आमच्या सीमाभागात आणखी एक गाठ आहे. डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते, आणि खानापूर-बेळगावच्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे असतं. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कर्नाटकचं, आशा कर्नाटकची, बीपीची नोंद इकडच्या वहीत, आणि शेवटचे, सगळ्यांत धोक्याचे आठवडे महाराष्ट्रात. तिकडच्या आशाला ही बाई नवीनच. जोखमीचं गणित कितीही चांगलं असू दे, नोंदी बाईबरोबर गेल्या नाहीत तर ऐन वेळी कोरा कागदच हाती उरतो. हा प्रश्न दोन सरकारांनी बसून सोडवण्यासारखा आहे, आणि त्याला नवं यंत्र लागत नाही. तोवर कार्डाचा आणि शेवटच्या तपासण्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून माहेरच्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात दाखवावा, असं मी ओळखीच्या प्रत्येक घरात सांगते.

खुणांच्या चादरीची गोष्ट मात्र पुढे गेली. युरोपात तशीच मापाची पिशवी नुसती वापरून पाहिली तेव्हा गंभीर रक्तस्राव कमी झाला नव्हता. नंतर केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 दवाखान्यांच्या अभ्यासात चादर वेगळ्या रीतीनं वापरली. रक्त ठरलेल्या खुणेपर्यंत आलं, की पोटावरून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम, एकापाठोपाठ एकाची वाट न पाहता करायचं. 2023 मध्ये निकाल आला. ज्या दवाखान्यांत हे केलं तिथे 93 टक्के अतिरक्तस्राव वेळीच ओळखले गेले, इतरांकडे 51 टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी शिफारस केली. आता 500 मिलिलिटरची वाट पाहायची नाही. 300 मिलिलिटर रक्त गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं दिसलं, तर तिथेच उपचार सुरू करायचे.