लिनक्समध्ये एक्स्टेन्शननुसार फाइली शोधणे व मोजणे

एखाद्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांत ठरावीक एक्स्टेन्शनच्या (नावाच्या शेवटी टिंबापुढे येणाऱ्या 'जेपीजी'सारख्या भागाच्या) फाइली किती आहेत, हे कमांड लाइनवरून काढण्याची पद्धत. 'फाइंड' ही कमांड फाइली हुडकते आणि पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या सोयीतून) आलेली तिची यादी 'डब्ल्यूसी' ही कमांड मोजते. डब्ल्यूसी ही लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पाइपची सोय युनिक्स घडवणाऱ्या बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये आली.

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एक्स्टेन्शन असे काही ठाऊक नसते. टिंब हे त्याच्या लेखी नावातले एक साधे चिन्ह. त्यामुळे हा शोध म्हणजे नावाच्या शेवटाची जुळवणी असते. फाइलीच्या आत खरोखर काय आहे, ते 'फाइल' ही कमांड मजकूर तपासून सांगते.

फाइंडला कुठून सुरुवात करायची ते सांगून पुढे '-टाइप एफ' (फक्त साध्या फाइली) आणि '-नेम' (नावाचा नमुना) हे पर्याय देतात. पहिला पर्याय वगळला, तर त्याच शेवटाच्या नावाचे फोल्डरही मोजले जातात. '-नेम'च्या जागी '-आयनेम' घातले, की लहान-मोठ्या लिपीतली जेपीजी एकत्र सापडतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंसाठी हाच पर्याय घ्यावा.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे अवतरणचिन्हे. '*.जेपीजी' हा नमुना त्यांच्याशिवाय लिहिला, तर फाइंड सुरू होण्याआधीच शेल (आपण टाइप केलेल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) तारांकनाचा विस्तार करते, म्हणजे त्याजागी जुळणाऱ्या फाइलींची नावे घालते. चालू फोल्डरमध्ये अशी एकच फाइल असेल, तर फाइंडला नमुन्याऐवजी तिचे नाव मिळते आणि ते तेवढेच नाव सगळीकडे शोधत बसते. एररही येत नाही, फक्त आकडा चुकतो. अशा फाइली एकाहून जास्त असतील, तर निदान एरर तरी येते.

'डब्ल्यूसी -एल' ओळी मोजते, फाइली नव्हे. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात नवी ओळ चालते, म्हणून अशी एक फाइल दोनदा मोजली जाऊ शकते. ग्नू फाइंडमध्ये (लिनक्सवर सहसा असणाऱ्या फाइंडच्या आवृत्तीत) यावर चोख उपाय आहे: '-प्रिंटएफ' वापरून प्रत्येक फाइलीमागे नावाऐवजी एकच टिंब छापायचे आणि 'डब्ल्यूसी -सी' ने बाइट मोजायचे.

सगळ्या एक्स्टेन्शनांचा एकत्रित तक्ता हवा असेल, तर 'सेड' किंवा 'ऑक' या मजकुरावर प्रक्रिया करणाऱ्या कमांडने शेवटच्या टिंबापुढचा भाग वेगळा काढून तो क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट' आणि मग सारख्या ओळी मोजणाऱ्या 'युनिक -सी' मधून नेतात. युनिक लागोपाठच्याच सारख्या ओळी एकत्र करते, म्हणून आधी सॉर्ट हवेच. या तक्त्यात 'टार.जीझेड' फाइली 'जीझेड'खाली जातात.