युनियन नाही म्हणून दार बंद नाही

रबाळे एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर एक जण कामावरून काढल्याचं पत्र हातात घेऊन बसला होता. घडी करकरून कागद मधोमध फाटत आलेला. "युनियन नाही, आता कोण विचारतंय?" वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे आणि त्यापायी अनेकांचा हक्क हातचा जातो.

एकट्या कामगाराची बडतर्फी हाही औद्योगिक विवादच (कायद्याने दाद मागता येईल असा मालक-कामगार वाद), हे कायद्याने १९६५ मध्येच मान्य केलं. अडचण दुसरीच होती: सरकारने प्रकरण पाठवलं तरच न्यायालय ते ऐकायचं. एकट्याला कुणी विचारत नाही हा समज तिथूनच आला. पण २०१० च्या दुरुस्तीने अशा कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाण्याची मुभा दिली.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू आहे. त्यात सरकारने प्रकरण पाठवण्याची पायरीच उरलेली नाही. बडतर्फीचा खटला न्यायाधिकरणातले (असे वाद ऐकणाऱ्या न्यायमंडळातले) एक न्यायिक आणि एक प्रशासकीय असे दोन सदस्य मिळून ऐकतील. प्रशासकीय सदस्य किती स्वतंत्र राहील, ही शंका मला रास्त वाटते. पण दार उघडं आहे.

मुदत मात्र सांभाळा. समेटासाठी वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं. तो फिसकटल्याचा अहवाल मिळाला की न्यायाधिकरणासाठी ९० दिवस. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पगाराच्या पावत्या आणि गेटपासची झेरॉक्स सोबत ठेवा.