शब्दाआधीचा ‘न’

ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांपूर्वी ‘ॲन’ हे उपपद लावायचे आणि उरलेल्यांपूर्वी ‘ए’, असा नियम आपल्याकडे अनेक मुले घोकतात. तो चुकीचा आहे, कारण ही निवड अक्षरावरून नव्हे, तर उच्चारावरून होते. ‘युनिव्हर्सिटी’चे स्पेलिंग ‘यू’ने सुरू होत असले तरी कानावर पडतो तो ‘य’, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. ‘अवर’मधला ‘एच’ उच्चारलाच जात नाही, म्हणून ‘ॲन अवर’. आणि ‘एम’ हे व्यंजनाचे अक्षर असले तरी त्याचे नाव स्वराने सुरू होते, म्हणून ‘ॲन एम.ए.’.

‘ए’ला ‘न’ जोडून ‘ॲन’ झाले, ही समजूतही उलटी आहे. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ असा शब्द होता. त्यातूनच ‘वन’ आणि ‘ॲन’ दोन्ही आले, आणि पुढे व्यंजनापूर्वी त्यातला ‘न’ गळत गेला.

हा ‘न’ इतका अस्थिर का, हे तोंडाच्या रचनेतच दिसते. ‘न’, ‘म’ आणि ‘ङ’ या तिन्हींत हवा नाकावाटे बाहेर पडते. फरक एवढाच, की तोंडातली वाट ‘न’ला जिभेचे टोक अडवते, ‘म’ला ओठ अडवतात आणि ‘ङ’ला जिभेची मागची बाजू. ओठांवर बोट ठेवून ‘आंबा’ म्हणून पाहा. ‘ब’ ऐकू येण्याआधी, अनुस्वारालाच, ओठ मिटलेले असतात. ‘अंगण’ म्हणताना मात्र त्याच अनुस्वाराला ते उघडे राहतात. पुढच्या ध्वनीची तयारी आधीच सुरू होते आणि अनुनासिक त्याच्या जागेवर ओढले जाते. लॅटिनमधल्या ‘इन’ या नकारार्थी उपसर्गाचे नेमके हेच झाले: ‘पॉसिबल’पूर्वी तो ‘इम’ झाला, तर ‘लीगल’ आणि ‘रेग्युलर’पूर्वी पुढच्या व्यंजनातच मिसळून गेला, आणि त्यामुळे त्या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये अनुक्रमे दोन ‘एल’ आणि दोन ‘आर’ आले.

संस्कृतातही ‘असत्य’, ‘अज्ञान’, पण ‘अनादर’, ‘अनिच्छा’ अशीच विभागणी आहे: स्वरापूर्वी ‘न’ टिकतो, व्यंजनापूर्वी दिसत नाही. एवढ्यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांना आधार नाही. संस्कृतचा ‘अन्’, लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा नकारार्थी ‘अन’ ही एकाच प्राचीन भारोपीय, म्हणजे भारत आणि युरोपातल्या अनेक भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या, उपसर्गाची भावंडे आहेत, त्यांपैकी कोणीही दुसऱ्याचे अपत्य नाही. आणि ‘ॲन’ हे उपपद तर ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून आले असल्यामुळे त्याचे संस्कृत ‘अन्’शी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

इंग्रजीच्या या घरच्या ‘अन’चे स्पेलिंग मात्र कधी बदलत नाही. ‘अनपेड’मध्ये ‘एन’ तसाच लिहिला जातो, पण भरभर बोलणारा इंग्रज अनेकदा ‘अम्पेड’च म्हणतो.