पोटाची सोनोग्राफी आहे? सकाळचा चहा टाकण्याआधी हे वाचा

"काही खाल्लंय का?"
"नाही, उपाशीच आहे."
"चहा?"
"चहा तेवढा घेतलाय. अर्धाच कप."

आमच्या काउंटरवर हा संवाद रोज होतो आणि बरेचदा भांडणावर जातो. धायरीहून पहिली बस पकडून आलेल्या माणसाला अर्ध्या कपासाठी परत पाठवायला आम्हालाही बरं वाटत नाही. तरी पाठवतो. का, ते सांगतो.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवणांच्या मधल्या वेळेत त्यातला बराचसा पित्ताशयात साठतो. ही पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलीची, म्हणून ती त्यातलं पाणी शोषून घेते आणि रस दाट करून ठेवते. (आपण "पित्त झालंय" म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. त्याचा या पिशवीशी संबंध नाही.) स्निग्ध पदार्थ जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरला, की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि पित्ताशय आवळून रस आतड्यात ओततं. चरबी पचवायला तो लागतोच.

तुमच्या चहातल्या दुधात स्निग्धांश असतो. भरलेलं पित्ताशय स्क्रीनवर काळ्या, टपोऱ्या पिशवीसारखं दिसतं आणि त्यातला छोटा खडाही उठून दिसतो. आवळलेल्या पिशवीत तोच खडा निसटू शकतो, शिवाय भिंत उगाच जाड दिसते. मग रिपोर्टमध्ये "उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी" असं लिहून येतं आणि तुम्हाला पुन्हा खेप पडते. कोणी तशीही तपासणी करून पैसे घेईल. आम्ही दुसऱ्या दिवशीची वेळ देतो, जादा पैसे न घेता.

"कोरा चहा चालेल का?" नको. एकदा कोरा चालेल म्हटलं, की त्यात जरासं दूध पडतंच.

दुसरा घोटाळा उपवासाचा. संकष्टीला "आज कडक उपास आहे" असं सांगणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते. तूप आणि दाण्याचं कूट पोटात गेलं, की पित्ताशयाला चतुर्थी कळत नाही. आम्हाला उपवास नको, उपाशी पोट हवं : ६ ते ८ तास. रात्री नऊला साधं जेवा, सकाळी या. पित्ताशय काढून टाकलेलं असेल तरीही उपाशीच या, कारण स्वादुपिंड जठराच्या मागे असतं आणि भरल्या पोटातलं अन्न व वायू ते झाकून टाकतात. वायूतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. म्हणून च्युइंग गम आणि सिगारेटही नको, त्यांच्याबरोबर हवा गिळली जाते.

पाणी चालतं. ओटीपोटाचीही तपासणी असेल तर ते प्यायलाच हवं : तासभर आधी चार-पाच ग्लास, सावकाश, आणि नंतर लघवीला जायचं नाही. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी परस्पर घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. अशा पेशंटना आम्ही सकाळी सातची पहिली वेळ देतो, फोनवर तसं सांगा. पोटात अचानक जोरात दुखत असेल तर उपाशी राहत बसू नका, असाल तसे या.

जुने रिपोर्ट आणा, आम्ही ते ताडून पाहतो. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो आणि मराठीत समजावूनही सांगतो. तपासणी झाली की खाली अमृततुल्य आहेच, तिथे पूर्ण कप घ्या.

येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. विचारूही नये.